सहा दिवसांचं टीए प्रशिक्षण: तिसरा दिवस चुकवू नका

चप्पल दुकानात घालून बघितली तर कधीच चावत नाही. म्हणून हे परीक्षण मी प्रशिक्षण संपल्या संपल्या लिहिलं नाही. तेव्हा आमच्याकडून एक फीडबॅक फॉर्म भरून घेतला होता आणि मी सगळीकडे ‘उत्तम’वर टिक करून बाहेर पडले होते, कारण फॉर्म दिल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नव्हतं. त्याला आता दोन वर्षं झाली. तेवढ्यात चार सेमिस्टर मी पहिल्या वर्षाच्या मुलांची फिजिक्सची ट्यूटोरियल घेतली आणि उत्तरपत्रिकांचे किती गठ्ठे उपसले ते मोजायचं सोडून दिलं. कुठे चावतं ते आता सांगता येईल. विद्यापीठाचं नाव देत नाही. अजून बरीच वर्षं इथेच काढायची आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टीए म्हणजे टीचिंग असिस्टंट. मोठ्या वर्गाला प्राध्यापक व्याख्यान देतात, मग त्या वर्गाच्या वीस-पंचवीस जणांच्या बॅचेस पडतात आणि एकेक बॅच पीएचडी करणाऱ्या एकेकाच्या गळ्यात पडते. आम्ही गणितं सोडवून घ्यायची, शंका बघायच्या, लॅबमध्ये उभं राहायचं, पेपर तपासायचे. अभ्यासक्रम आम्ही ठरवत नाही, पेपर आम्ही काढत नाही, निकालावर सही आमची नसते. आणि तरी मुलाला गणित जिथे अडतं, नेमक्या त्या ओळीपाशी त्याच्या शेजारी उभं कोण असतं, तर आम्ही. मग आम्ही शिक्षक की शिक्षकाचे हात? प्रशिक्षणाकडून माझी अपेक्षा एवढीच होती, की निदान हा प्रश्न तरी कुणी काढावा.

काढला, पहिल्याच तासाला. प्रत्येकाला एक कोरं कार्ड दिलं आणि वाक्य पूर्ण करायला सांगितलं: ‘टीए म्हणजे’, पुढे रिकामी जागा. एकोणीस जण होतो. प्रशिक्षक मॅडमनी कार्डं गोळा करून मोठ्याने वाचून दाखवली. ‘सर आणि मुलं यांच्यातला पूल’ असं चौघांनी लिहिलं होतं. ‘मोठी बहीण’ एकीने. ‘तपासनीस’ एकाने, तोच पुढे सगळ्यात चांगला शिकवणारा निघाला. ‘स्वस्तातला प्राध्यापक’ या कार्डावर सगळे हसले, मॅडमसुद्धा. मी लिहिलं होतं, ‘ज्याला आत्ताच समजलंय असा माणूस’. तेव्हा मला ते फार चमकदार वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, ही कार्डं सेमिस्टरच्या शेवटी परत देऊ, तेव्हा पुन्हा वाचा. ती आजतागायत परत आलेली नाहीत. या प्रशिक्षणावरची माझी पहिली तक्रार हीच. कल्पना इतकी छान, आणि मग कपाटात.

पहिल्या दिवसाचा उरलेला वेळ म्हणजे ८४ स्लाइड. हजेरी कशी घ्यायची, रजेचा अर्ज कुणाकडे द्यायचा, नक्कल सापडली तर काय करायचं, काय करायचं नाही. यातल्या दोनच गोष्टी मला पुढे लागल्या. एक, वर्गात कुणी रडायला लागलं तर रात्री-अपरात्री फोन करायचा नंबर. दोन, ओळखीच्याचा पेपर आपल्या गठ्ठ्यात आला तर तो न उघडता बदलून घ्यायचा. बाकीच्या ८२ स्लाइड मेलवर पाठवल्या असत्या तरी भागलं असतं.

दुसरा दिवस संशोधनाचा. ‘शिकवण्याबद्दलचं संशोधन’ म्हटल्यावर आमच्या फिजिक्सच्या मंडळींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट सहनशील भाव येतो, तो आला. मॅडमना तो सवयीचा असावा. त्यांनी २०१४ सालचा एक अभ्यास दाखवला, स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचा. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, आणि मुलं स्वतः काही करतात अशा वर्गात २१.८. सहनशील भाव थोडा मावळला. आकडा दिसला की आम्ही वळतो.

पण त्या दिवसातली माझी आवडती गोष्ट होती स्टॉपवॉच. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली होती: प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात? सरासरी एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर शिक्षक स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला, तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि मुलं आपणहून प्रश्न विचारायला लागतात. ऐकायला किती सोपं! मग जोड्या लावल्या. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. माझा आकडा आला ०.८. मला शपथेवर वाटत होतं की मी पाचेक सेकंद थांबले.

हे मात्र कायमचं अंगवळणी पडलं. आजही प्रश्न टाकला की मी हात पाठीमागे घेते आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजते. तिसऱ्या पेरापर्यंत वर्गातली शांतता अंगावर येते. चौथ्याला कुणाची तरी खुर्ची वाजते. पाचव्याला बहुतेक वेळा मागच्या रांगेतून चुकीचं का होईना, एक उत्तर येतं. पहिल्या सेमिस्टरला एका मुलीने विचारलं होतं, ‘मॅडम, तुम्ही प्रश्न विचारून उत्तर विसरता का?’

आता तिसरा दिवस. ज्यांना हे प्रशिक्षण अजून घ्यायचंय त्यांनी पुढचा एक परिच्छेद गाळावा, नाहीतर मजा जाईल.

सकाळी एक कागद वाटला. तीन सर्किटं. तिन्हींत बॅटरी तीच, बल्ब तेच, बॅटरी आदर्श मानायची. पहिल्यात एकटा बल्ब अ. दुसऱ्यात ब आणि क एकामागे एक जोडलेले. तिसऱ्यात ड आणि इ समांतर. पाचही बल्ब तेजाच्या क्रमाने लावा आणि कारण लिहा. सूत्र नाही, आकडेमोड नाही. मी दोन मिनिटांत लिहिलं: अ सगळ्यात तेजस्वी, बाकीचे चौघे सारखेच मंद. ब-क मंद कारण विरोध वाढला, आणि ड-इ मंद कारण बॅटरीतून निघालेली करंट दोन वाटांत वाटली गेली. कागद दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. बरोबर उत्तर आहे: अ, ड आणि इ सारखे, ब आणि क त्यांच्यापेक्षा मंद आणि आपसात सारखे. आदर्श बॅटरी ठरावीक करंट देत नाही, ती व्होल्टेज कायम ठेवते. समांतर जोडल्यावर दोन्ही बल्बना पुरतं व्होल्टेज मिळतं आणि बॅटरी मुकाट्याने दुप्पट करंट पुरवते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. किर्चहॉफचे नियम लावून मी याहून दहापट गुंतागुंतीची सर्किटं सोडवली होती, त्यात पहिली आले होते. पण ‘बल्ब किती उजळेल’ असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

हा प्रश्न वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या गटाचा. फिजिक्स शिकवण्याच्या संशोधनात हे नाव फार मोठं आहे. त्यांच्याकडे व्याख्यानं ऐकून झालेल्या मुलांतही बरोबर उत्तर देणारी सुमारे १५ टक्केच निघाली. आणि टीएंमध्ये? सुमारे ७० टक्के. म्हणजे दहातले तिघे टीए माझ्या बाकावरचे. या गटाची टीए तयार करण्याची पद्धत त्यातूनच आली: मुलांना जो कागद द्यायचा, तो आधी टीएंनी मुलांच्या जागेवर बसून सोडवायचा, पूर्वचाचणीसकट. आमच्या विभागाने ती पद्धत उचलली आहे आणि या प्रशिक्षणातलं माझ्या मते सगळ्यात खरं शिक्षण तेच. कारण ‘मुलं चुकतील, त्यांना प्रेमाने समजवा’ हे सांगून कळत नाही. आपण चुकलो, आणि चुकताना आपल्याला खात्री होती, हे एकदा अंगावर निघावं लागतं.

त्या दिवशी मी माझ्या कार्डावरचं वाक्य मनातल्या मनात खोडलं. ‘ज्याला आत्ताच समजलंय’ म्हणे!

दुपारी दोन उत्तरपत्रिका. गणित एकच, वर्तुळाकार गती आणि ऊर्जेची अक्षय्यता यांचं. पहिल्या मुलाने पानभर लिहिलं होतं. आकृती, कोणतं तत्त्व का लावलं, मधल्या पायऱ्या, सगळं. त्यात दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींना खाऊन टाकत होत्या, त्यामुळे शेवटचं उत्तर बरोबर. दुसऱ्याने फक्त तीन-चार ओळी खरडल्या होत्या. कारण नाही, आकृती नाही, तत्त्वाचं नाव नाही. शेवटचं उत्तर बरोबर. दहापैकी मार्क द्या.

मी पहिल्याला ७ दिले आणि दुसऱ्याला ९. खोलीत बहुतेकांचं असंच होतं. एकाने दुसऱ्याला पूर्ण दहा दिले, ‘नेटकं आहे’ म्हणून.

मॅडमनी आधी आमच्याकडून सकाळच्याच कागदाच्या मागे एक ओळ लिहून घेतली होती: पेपर तपासताना तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं? मी लिहिलं होतं, ‘विचार करण्याची पद्धत’. सगळ्यांनीच तसलं काहीतरी लिहिलं होतं. आता त्यांनी कागद उलटायला सांगितला. मग दुसऱ्या उत्तरपत्रिकेकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, ‘यात विचाराची पद्धत कुठे दिसली?’ कुणीच बोलेना. पेरं मोजायची वेळ आता आमच्यावर आली होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, ‘त्याला येत असणार, म्हणून तर उत्तर आलं.’ मॅडम म्हणाल्या, ‘त्यानेही त्याच दोन चुका केल्या नसतील कशावरून? त्याच्या ओळींमधली रिकामी जागा तुम्ही तुमच्या ज्ञानाने भरलीत. आणि ज्याने जागा रिकामी ठेवली नाही, त्याचे मार्क कापलेत.’

हाही प्रयोग जुना आहे. चार्ल्स हेंडरसन, एडिट येरुशाल्मी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्राध्यापकांवर केल्याचं छापलं. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठातल्या चंद्रलेखा सिंह यांच्या गटाने टीएंवर केला आणि तिथेही बऱ्याच जणांचं तोंडाने एक आणि लाल पेनाने दुसरं निघालं. सिद्ध करायची जबाबदारी कुणाची, हा त्यातला कळीचा मुद्दा. मुलाने आपल्याला येतं हे कागदावर दाखवायचं, की तपासणाऱ्याने ‘येत नाही’ याचा पुरावा शोधायचा? आपण दुसरं धरून चालतो. पुरावा सापडला की मार्क कापतो. साहजिकच, जो जास्त लिहितो तो जास्त पुरावा देतो.

मला अजूनही वाटतं की त्या दुपारी आम्ही एकोणीस जण तासाभरापुरते तरी शिक्षक झालो होतो. कारण पहिल्यांदाच आमच्यात कडाक्याचं भांडण झालं, आणि ते फिजिक्सवरून नव्हतं. मार्क म्हणजे आपण मुलांना काय निरोप पाठवतो, यावरून होतं. संध्याकाळी खोली बंद करायला आलेले शिपाईकाका दारात दोनदा येऊन गेले.

आता चावतं कुठे ते.

पहिल्या मिडटर्मचे ६४ पेपर माझ्याकडे आले, मुदत चार दिवस, त्यातच माझं स्वतःचं एक सबमिशन. मी मोठ्या उत्साहाने मार्किंग स्कीममध्ये ‘कारणमीमांसेला ३ मार्क’ असा बदल सुचवला. कोर्सच्या सरांनी मान हलवली आणि म्हणाले, ‘चांगलं आहे, पण सहा टीए आहेत, सहा जण कारणमीमांसा सहा प्रकारे तपासतील आणि मुलं माझ्या केबिनबाहेर रांग लावतील. तू शेवटचं उत्तर बघ, मोठी चूक असेल तर काप, पुढे जा.’ त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं, हेच वाईट. मी शेवटची उत्तरं बघितली, मोठ्या चुका कापल्या, पुढे गेले. शेवटचे वीस पेपर तर रात्री दोननंतर तपासले.

पेपर दाखवण्याच्या दिवशी एक मुलगा आला. एरवी ट्यूटोरियलला अगदी कोपऱ्यात बसणारा, कधी तोंड न उघडणारा. त्याने त्याचा आणि मित्राचा पेपर शेजारी शेजारी ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. म्हणाला, ‘मॅडम, माझं उत्तर बरोबर आहे. याचंही बरोबर आहे. मी कसं काढलं ते सगळं लिहिलंय. पुढच्या वेळी लिहू नको का?’

पेपरावर लाल अक्षर माझं होतं. पानभर लिहिलेल्या उत्तराला ६, चार ओळींना ९. तिसऱ्या दिवसाची दुपार जशीच्या तशी टेबलावर येऊन पडली होती. मी त्याला काय सांगितलं? ‘लिहायचंच. मी सरांशी बोलते.’ बोलले. त्याला दोन मार्क वाढवून मिळाले. त्याच्या मित्राचा प्रश्न कुणी काढला नाही, मीही नाही. आणि माझ्याच बॅचमध्ये, जे पेपर घेऊन आलेच नाहीत अशी आणखी किती पानभर लिहिणारी मुलं असतील, ते मी आजवर उलटून बघितलेलं नाही.

प्रशिक्षण काय करतं, तर डोळे उघडून देतं; हात मात्र मागे बांधलेलेच ठेवतं. मार्किंग स्कीम ठरवायच्या बैठकीला टीएंना बोलावतच नाहीत. मग तिसऱ्या दिवशीचं शहाणपण आम्ही वापरायचं कुठे? ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली काम करायचं त्यांना त्या दुपारी अर्धा तास आमच्या शेजारी बसवलं, तर माझ्या मते या प्रशिक्षणाची किंमत दुप्पट होईल. मी हे लेखी दिलंय. ‘विचाराधीन’ असं उत्तर आलंय.

चौथा दिवस मायक्रोटीचिंगचा. १९६३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली: पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, छोटा वर्ग, एकच कौशल्य, त्याचं चित्रण बघायचं, सुधारून पुन्हा घ्यायचा. आमच्याकडे पाच मिनिटं मिळाली, चित्रण मोबाइलवर झालं, आणि ‘पुन्हा घ्यायचा’ हा भाग वेळेअभावी गाळला. म्हणजे औषधातला गुणाचा भाग काढून नुसता कडूपणा ठेवला. तरी चित्रण बघून एक कळलं, मी पूर्ण वेळ फळ्याशी बोलते. माझी पाठ फार आत्मविश्वासाने शिकवत होती.

खरा घोटाळा वेगळाच आहे. वर्ग म्हणून समोर बसतात ते आपलेच सहकारी. सगळे पीएचडीवाले, सगळ्यांना विषय येतो, आणि ‘न समजणारा विद्यार्थी’ वठवायला सांगितलं की नाटकीपणे डोकं खाजवतात. खरा न समजणारा विद्यार्थी असा दिसतच नाही. तो मान डोलावतो. तो ‘हो मॅडम, समजलं’ म्हणतो आणि वहीत काहीतरी लिहीत राहतो. त्याला ओळखायचं कसं, हे त्या तोतया वर्गासमोर शिकता येणं शक्य नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना तासभर आणून बसवायला काय हरकत आहे?

पाचवा दिवस लॅबच्या सुरक्षेचा, आवश्यक आणि नीट घेतलेला. लेझर, हाय व्होल्टेज, पहिला मेन स्विच बंद मग बाकीचं, आग विझवण्याचं नळकांडं प्रत्येकाने एकदा तरी स्वतः चालवून बघायचं. तक्रार नाही. सहाव्या दिवशी एका ज्येष्ठ व्यक्तीचं भाषण होतं, अध्यापन ही साधना आहे या विषयावर. मग प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो.

साधनेबद्दल एक सांगते. त्याच आठवड्यात माझ्या गाइडनी, माझ्या भल्यासाठीच, सांगितलं होतं, ‘टीएचं काम नीट कर, पण फार नीट करू नको. नोकरी मागायला जाशील तेव्हा तुझे रिसर्च पेपर मोजतील, ट्यूटोरियल नाही.’ नेमणुकीच्या पत्रात आठवड्याला दहा तास लिहिलेत. मी पहिल्या सेमिस्टरला वहीत टिपून ठेवले. साधा आठवडा तेरा तास, पेपर तपासणीचा आठवडा चोवीस. सहा दिवसांत तासांचा विषय एकदाही निघाला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकाने विचारलं, की इतकं बारकाईने तपासायचं तर वेळ कुठून आणायचा, तेव्हा मॅडम पहिल्यांदाच सेकंदभरसुद्धा न थांबता पुढच्या मुद्द्यावर गेल्या.

हा विषय काही आमच्या विद्यापीठाचा शोध नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या टीएंनी १९६६ मध्येच संघटना काढली होती आणि १९७० मध्ये संप केला होता. तिथल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २००४ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलं की टीए हे मुळात विद्यार्थी. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात तेच मंडळ म्हणालं, नाही, कर्मचारीसुद्धा. २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठात टीए, संशोधन सहाय्यक, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) मिळून सुमारे ४८ हजार जण संपावर गेले. विद्यार्थी की कर्मचारी, यावर इतकी वर्षं घासाघीस चालली आहे. शिक्षक की नाही, हे विचारायला कुठल्याच कार्यालयात खिडकी नाही. प्रशिक्षणातही ती पहिल्या तासाला कार्डापुरती उघडली आणि बंद झाली.

मुलांचं मात्र ठरलेलं असतं. पहिल्या आठवड्यात ती आम्हाला कशी हाक मारायची ते चाचपत असतात. काही ‘मॅडम’ म्हणतात, काही ‘ताई’, काही हाकच न मारता नुसतीच समोर येऊन उभी राहतात. मिडटर्मनंतर माझ्या बॅचमधली सगळी ताई संपून मॅडम सुरू होते. लाल पेनाने नातं बदलतं. एकीने मात्र सेमिस्टरभर ‘ताई’ सोडलं नाही. ती आकडेमोडीच्या नाही, वेगळ्याच शंका विचारायची: चुकीचं कळलंय हे कळतं कसं? तिला मी पाच बल्बांची माझी गोष्ट सांगितली. तिने तीनदा विचारलं, ‘खरंच तुम्ही चुकलात?’ त्यानंतर ती फळ्यापाशी येऊन चुकायला लागली, आणि तिच्यामागोमाग आणखी चार-पाच जण.

राहिली गुरुवारची बैठक. कागदोपत्री ती प्रशिक्षणाचाच भाग आहे, पण माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. सेमिस्टरभर दर गुरुवारी एक तास सगळे टीए जमतात आणि पुढच्या आठवड्याचा कागद मुलांच्या बाकावर बसून सोडवतात. कुठे अडलं, का अडलं, मुलं इथे काय लिहितील, यावर बोलतात. कुणी फळ्यावर जाऊन फजिती करून घेतो. मागच्या आठवड्यात कुणाच्या बॅचमध्ये कोणती विलक्षण चूक निघाली तेही कळतं. ‘दोरी वजनाला ढकलते’ हे आमच्याकडे आता म्हणीसारखं वापरतात. सहा दिवसांचा सगळा डामडौल बाजूला ठेवून मला कुणी विचारलं, की यातलं काय वाचवायचं, तर मी तिसरा दिवस आणि हे गुरुवार सांगेन. पहिल्या गुरुवारी आम्ही एकोणीसच्या एकोणीस होतो. नवव्याला सात. हजेरीची सक्ती नाही आणि प्रत्येकाच्या डोक्यावर गाइड आहे, कुणाला बोलणार?

हिशेब असा. पहिला दिवस, सही करून मागे बसा, फोन नंबर तेवढा लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी घड्याळ धरायला कुणाला तरी नेमून घ्या आणि स्वतःचा आकडा खरा सांगा. तिसऱ्या दिवशी ताप असला तरी जा. चौथ्या दिवशी आपला पाठ दुसऱ्यांदा घ्यायची वेळ मागा. हट्ट धरला तर देतात, आमच्यानंतरच्या तुकडीतल्या दोघींना मिळाली. पाचव्याला बूट घालून जा, चपला चालत नाहीत. सहाव्याचं तुमचं तुम्ही बघा. आणि कार्डावर काय लिहिलंत त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा, कारण मूळ परत मिळत नाही.

गुरुवारची बैठक साडेतीनला, तळमजल्यावरच्या जुन्या लॅबमध्ये असते. नवव्या आठवड्यानंतर बसायला हवी ती जागा मिळते.